लोन एजंटने फाइलमध्ये केलेल्या चुका: कुठे होतात आणि कोणाकडून दुरुस्त करून घ्यायच्या

घरकर्जाची फाइल नाकारली गेली किंवा आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की लोक सिबिलला नाहीतर बँकेला बोल लावतात. फाइल उघडून पाहिली तर पुष्कळदा वेगळंच निघतं. पगार वाढवून लिहिलेला असतो, गाडीचा हप्ता लिहिलेलाच नसतो, बी विंगची डी विंग झालेली असते, पॅनमध्ये शून्याच्या जागी ओ पडलेला असतो. हे सगळं लिहिणारा हात एजंटचा, पण खालची सही तुमची. बँकेच्या लेखी त्या अर्जातली प्रत्येक ओळ तुम्हीच सांगितलेली असते. म्हणून एजंटने केलेली चूक एजंटला सांगून थांबायचं नाही. ती बँकेला लेखी कळवायची. निम्मे घोळ केवळ एवढं न केल्यामुळे वाढतात.

आधी ही साखळी कशी चालते ते पाहू. तुम्ही ज्याच्याशी बोलता तो बऱ्याचदा बँकेने नेमलेला डीएसए (कर्जाचे अर्ज आणून देणारा अधिकृत एजंट) नसतोच, त्याच्या हाताखालचा, गिऱ्हाईक आणून देणारा कनेक्टर असतो. तो व्हॉट्सॲपवर कागदांचे फोटो मागवतो, डीएसएच्या ऑफिसातली मुलं ते फोटो बघून फॉर्म भरतात, बँकेचा सेल्स ऑफिसर फाइल लॉगिन करतो, म्हणजे बँकेच्या सिस्टीममध्ये दाखल करतो, आणि मग ती कर्ज द्यायचं की नाही हे तपासणाऱ्या क्रेडिट विभागाकडे जाते. क्रेडिटवाल्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. मधल्या प्रत्येक हाताला घाई असते, कारण कमिशन कर्जवाटप झाल्यावर आणि वाटलेल्या रकमेवर मिळतं. हे कमिशन बँक देते. तुमच्याकडून वेगळी ‘फाइल चार्ज’ मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

एजंट खरोखर त्या बँकेचा आहे का, हे बँकेच्या वेबसाइटवरच्या डीएसए यादीत किंवा शाखेत विचारून कळतं. एजंट ‘सँक्शन माझ्या हातात आहे’ म्हणाला तर तिथेच सावध व्हा. रिझर्व्ह बँकेच्या २००६ च्या आउटसोर्सिंग नियमांपासून कर्जमंजुरीचा आणि केवायसी तपासण्याचा निर्णय बँकेला बाहेरच्या माणसाकडे सोपवता येत नाही.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी जवळजवळ सगळे करतात, कारण एजंट फुल्या मारून पंधरा-वीस पानं पुढे करतो. निदान एवढं करा: सही करायच्या आधी पगार, चालू कर्जं, मागितलेली रक्कम, मुदत, घराचा पत्ता आणि सहअर्जदार हे रकाने स्वतःच्या हाताने भरा. सही झाली की प्रत्येक पानाचा फोटो काढा. अर्ज ऑनलाइन असेल तर ओटीपी फोनवर सांगू नका. आधी भरलेला अर्ज पीडीएफमध्ये मागवा, वाचा, मग स्वतः ओटीपी टाका. झेरॉक्सवर सही करताना ‘फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी’ असं लिहून तारीख घाला, आणि ते अक्षरांवरून जाईल असं तिरपं लिहा. लॉगिन झालं की अर्ज क्रमांक आणि बँकेच्या अधिकाऱ्याचा ऑफिसचा ईमेल त्याच दिवशी मागून घ्या. हे दोन्ही नसतील तर पुढची कुठलीही दुरुस्ती एजंटच्या मर्जीवर राहते.

आता चुका. सगळ्यात क्षुल्लक वाटणारी आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक नावाची. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव आधारवर ‘नाव–वडिलांचं नाव–आडनाव’, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पगारपत्रकावर नुसती आद्याक्षरं आणि करारनाम्यात पूर्ण, असं चार प्रकारे असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंच्या बाबतीत यात माहेरचं नाव आणखी मिसळतं. फॉर्म भरणारा मुलगा त्यातलं जे आधी दिसेल ते टाकतो. नाव पॅनवर आहे तसंच भरून घ्या आणि बाकीच्या फरकांसाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी फाइलला लावा. नाव पूर्णच बदललेलं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा.

पॅन क्रमांक तर एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर, ही रचना पक्की आहे. त्यामुळे सहाव्या ते नवव्या जागेवर ‘ओ’ असूच शकत नाही आणि पहिल्या पाचांत शून्य असू शकत नाही. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. लग्नाआधी पॅन काढलेला असेल तर हे पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचंच राहतं, आणि ते बरोबरच असतं. पॅन किंवा जन्मतारीख चुकली की सिबिलमध्ये एकतर ‘इतिहासच नाही’ असा निकाल येतो, नाहीतर दुसऱ्याच कोणाची थकबाकी तुमच्या नावावर चिकटते.

दुसरी आणि महागात पडणारी चूक उत्पन्नाची. एजंट पगारपत्रकावरचा वरचा आकडा उचलतो. बँक हातात पडणारा पगार पाहते, इन्सेन्टिव्ह आणि ओव्हरटाइम कमी करते किंवा सोडून देते, आणि त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत एकूण हप्ते बसतात का ते बघते. हे प्रमाण बँकेगणिक आणि पगारागणिक थोडं खालीवर होतं. एक हिशोब मांडून पाहा. एकूण पगार १,१०,०००, हातात ९०,०००, गाडीचा हप्ता १२,०००. एजंट १,१०,००० च्या निम्मे म्हणजे ५५,००० चा हप्ता धरतो, गाडी विसरतो, आणि ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी ‘६३ लाख आरामात मिळतील’ असं सांगतो. बँक ९०,००० च्या निम्म्यातून, म्हणजे ४५,००० मधून, १२,००० वजा करते. उरतात ३३,०००, आणि त्यावर कर्ज बसतं ३८ लाख. मधले २५ लाख कुठून आणायचे हा प्रश्न टोकन देऊन झाल्यावर कळतो. एजंटने रक्कम तोंडी सांगितली की हा हिशोब कागदावर मांडून मागा. तीस सेकंदांत मांडता येतो. जो मांडत नाही त्याने तो केलेलाच नसतो.

चालू कर्जांत लोक हमखास तीन गोष्टी सोडतात आणि एजंट विचारत नाही: क्रेडिट कार्डावर ईएमआयमध्ये फिरवलेली खरेदी, भावाच्या किंवा मित्राच्या कर्जाला दिलेली जामीनकी, आणि पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचं कर्ज. शेवटचं आपल्या भागात फार आढळतं. ‘पतसंस्थेचं सिबिलमध्ये दिसत नाही, लिहू नका’ असा सल्ला एजंट अगदी आत्मविश्वासाने देतात. तो वाईट सल्ला आहे. कपात पगारपत्रकावर छापलेली असते, आणि क्रेडिटवाला पगारपत्रकाची कपातीची बाजू आधी वाचतो. लिहिलं असतं तर रक्कम थोडी कमी झाली असती. लपवलं म्हणून फाइल संशयावर जाते. कर्ज थोडंच उरलं असेल तर ते फेडून पतसंस्थेचा नील दाखला (काही बाकी नसल्याचा) लावणं हा स्वच्छ मार्ग आहे.

बँक स्टेटमेंट नेट बँकिंगमधून उतरवलेलं मूळ पीडीएफ द्या, पासवर्डसकट, थेट बँकेच्या ईमेलवर. पानं जोडून, फोटो काढून किंवा ‘साफ करून’ दिलेल्या स्टेटमेंटमधला फेरफार बँकांची सॉफ्टवेअर पकडतात. फाइल साफ करणारा हात एजंटचा असला तरी खोटा कागद दिल्याचा शिक्का अर्जदारावर बसतो.

तिसरा घोळ स्वतःच्या हिश्श्याचा, म्हणजे मार्जिन मनीचा. रिझर्व्ह बँकेची मर्यादा अशी आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. ही मर्यादा आहे, हक्क नाही. बँक कमी देऊ शकते. आणि किंमत म्हणजे करारनाम्यातली रक्कम आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली रक्कम यांतली जी कमी असेल ती. १० लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद सोडला तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरत नाहीत. पुण्यात ७० लाखांचा रीसेल फ्लॅट घेतला, व्हॅल्युएशन ६४ लाख आलं, असं समजा. एजंटचा हिशोब: ७० चे ८० टक्के ५६, म्हणजे घरातून १४ लाख. खरा हिशोब: ६४ चे ८० टक्के ५१.२, म्हणून १८.८ लाख तुमचे, वर ७ टक्क्यांनी ४.९ लाख मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी. एकूण २४ लाख. शिवाय घर ५० लाखांचं किंवा वरचं असल्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. तो विक्रेत्याच्या रकमेतूनच जातो, पण भरायचा तुम्हाला आणि मुदतीत, म्हणून ते ७०,००० आधीच बाजूला काढावे लागतात.

याच नियमात एक बारीक फास आहे. घर ३५ लाखांचं असेल आणि एजंटने ‘९० टक्के’ म्हणून ३१ लाखांचा अर्ज टाकला, तर कर्ज ३० लाखांच्या वर गेल्याने ८० टक्क्यांची मर्यादा लागते आणि हिशोब २८ लाखांवर अडकू शकतो. तोच अर्ज ३० लाखांचा असता तर ३० लाख नियमात बसले असते. एक लाख जास्त मागून दोन लाख कमी होऊ शकतात.

घराच्या तपशिलातल्या चुका चटकन तपासून होतात, पण तपासायला बसावं लागतं. फ्लॅट क्रमांक, मजला, विंग, चटई क्षेत्र, सर्व्हे किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) क्रमांक आणि महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक हे अर्ज, करारनामा आणि सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) अशा तिन्ही ठिकाणी जुळले पाहिजेत. नव्या प्रकल्पात ‘बँकेचं अप्रूव्हल आहे’ म्हणून एजंट सांगतो ते कधीकधी फक्त पहिल्या टप्प्याचं किंवा शेजारच्या विंगचं असतं. महारेरा नोंदणी टप्प्यागणिक वेगळी असू शकते, तेव्हा क्रमांक तुमच्याच विंगचा आहे हे महारेराच्या साइटवर बघा. चूक नोंदवलेल्या करारनाम्यातच असेल तर पत्र देऊन भागत नाही. चूकदुरुस्ती दस्त करून तोही नोंदवावा लागतो, आणि त्याला विक्रेत्याची सही लागते. म्हणून हे सगळं विक्रेत्याला पैसे जायच्या आधी उरका. पैसे मिळाल्यावर तो दुय्यम निबंधक कार्यालयात पुन्हा यायला तयार होईलच असं नाही.

सहअर्जदार आणि सहमालक यांची गल्लत ही स्वतंत्र डोकेदुखी. सहमालकाला बँक सहअर्जदार करतेच, पण प्रत्येक सहअर्जदार सहमालक असलाच पाहिजे असं नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ‘कर्जात मिस्टर आहेत, मग करारातही घाला’ असं म्हणून एजंटने पतीचं नाव करारनाम्यात घालायला लावलं की ७० लाखांच्या घरावर ७०,००० रुपये गेले. उलट बाजूही आहे. जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट दोघांनाही हवी असेल तर दोघं मालकही हवेत आणि कर्जदारही. काय हवं ते करारनाम्याचा मसुदा तयार होण्यापूर्वी ठरवा. एजंटला हे ठरवू देऊ नका, त्याच्या कमिशनवर याचा काही परिणाम होत नाही.

‘चार बँकांत टाकून ठेवू, जिथे होईल तिथे होईल’ हे आणखी एक. प्रत्येक लॉगिनची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा नोंदींची रांग दिसली की स्कोअर थोडा उतरतोच, शिवाय पाचवी बँक विचारते, आधीच्या चौघांनी का नाही दिलं? दर स्कोअरवर ठरत असेल तर याची किंमत मोजावी लागते: ५० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के दराने हप्ता सुमारे ४३,३९१, तर ९ टक्क्यांनी सुमारे ४४,९८६. एजंटला लेखी कळवा की एका वेळी एकच बँक, आणि माझ्या मेसेजशिवाय दुसरीकडे लॉगिन नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. अर्जाच्या आधी तो काढा.

चूक सापडली की काय करायचं, ते ती कुठल्या टप्प्यावर सापडली यावर अवलंबून आहे. लॉगिनच्या आधी असेल तर फॉर्म फाडून नवा भरा. खाडाखोड करून बाजूला सही मारलेला फॉर्म पुढे क्वेरी घेऊन परत येतो. लॉगिन झालं असेल आणि मंजुरी यायची असेल तर बँकेच्या अधिकाऱ्याला ईमेल करा, एजंटला प्रत द्या, आणि एकाच ईमेलमध्ये सगळं लिहा. मजकूर साधारण असा:

‘अर्ज क्रमांक अमुक. या अर्जात माझं मासिक निव्वळ उत्पन्न १,१०,००० असं नोंदवलं गेलं आहे, ते ९०,००० आहे. अमुक बँकेचं वाहनकर्ज, हप्ता १२,०००, नोंदवायचं राहिलं आहे. सोबत तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि वाहनकर्जाचा उतारा जोडला आहे. अर्ज दुरुस्त करून पुढील प्रक्रिया करावी आणि दुरुस्त अर्जाची प्रत मला पाठवावी.’

एजंटवर राग काढणारं एकही वाक्य यात नको. क्रेडिटवाल्याला फक्त चुकीचा आकडा, बरोबर आकडा आणि पुरावा हवा असतो. स्वतःहून आधी कळवलेली चूक ही चूकच राहते. तीच पडताळणीत सापडली तर लपवाछपवी ठरते.

मंजुरीपत्रात चूक असेल तर सही करून परत देऊ नका, सुधारित मंजुरीपत्र मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने कर्जाच्या मुख्य अटींचं तथ्यपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक खर्चाचा एकत्रित दर आणि सगळे आकार असतात, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस असतात. त्या पत्रकात विमा आहे का, हे पहिल्यांदा बघा. ‘लोन प्रोटेक्शन’चा एकरकमी हप्ता कर्जात मिसळून रक्कम फुगवणं हे एजंट विचारल्याशिवाय करतात. घरकर्जाला जीवन विमा कायद्याने सक्तीचा नाही. पॉलिसी निघालीच असेल तर हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तशी विनंती विमा कंपनीला करताना परतावा कर्ज खात्यात जमा करा असं लिहा.

वाटप झाल्यावर महाराष्ट्रात गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची सूचना) ३० दिवसांत नोंदवायची असते. तीही बहुतेक एजंटची माणसंच भरतात आणि तीच विंगची चूक तिथे उतरते. तिची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या. घर विकायला काढल्यावर सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या तपासणीच्या अहवालात) ही नोंद निघते.

फाइल नाकारली गेली असेल तर तोंडी ‘सिबिलमुळे’ हे उत्तर घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नकाराची मुख्य कारणं बँकेने लेखी द्यायची असतात, कर्ज कितीही मोठं असो. कारण हातात आल्याशिवाय दुसऱ्या बँकेत अर्ज टाकला तर तीच चूक तिथेही जाते, कारण एजंट जुनाच फॉर्म बघून नवा भरतो. कारण क्रेडिट रिपोर्टमधलं असेल तर त्या संस्थेच्या साइटवर तक्रार नोंदवा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मात्र सही करून दिलेल्या संमतीवर झालेली चौकशी पुसली जात नाही. संमतीशिवाय झालेलीच हटवून मागता येते.

उशिरामुळे बिल्डरचा हप्ता चुकत असेल तर मंजुरी कुठे अडली आहे याचा बँकेचा ईमेल बिल्डरला पाठवा आणि मुदतवाढ लेखी घ्या. महाराष्ट्रात रेराच्या नियमांनुसार थकलेल्या रकमेवर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के असं व्याज लागू शकतं. रीसेलमध्ये विसारपावतीतली मुदत याहून निर्दय असते. तिच्यात ‘कर्ज नामंजूर झाल्यास टोकन परत’ हे कलम सही करतानाच घालून घ्यावं लागतं.

तक्रार करायची वेळ आली तर ती एजंटविरुद्ध नाही, बँकेकडे करा. आपण नेमलेल्या एजंटच्या कामाची जबाबदारी बँकेची असते. आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, तक्रार क्रमांकासह. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या तक्रार पोर्टलवर, फुकट. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. मूळ अर्जाचे फोटो, दुरुस्तीचा ईमेल आणि नकाराचं पत्र एवढे तीन कागद जोडा. एजंट कनेक्टर असेल आणि बँक ‘हा आमचा नाही’ म्हणाली, तर फाइल ज्या डीएसएच्या कोडवर लॉगिन झाली तो कोड विचारा. तो बँकेच्या सिस्टीममध्ये असतोच, आणि त्याच्यावर कमिशन कोणाला जाणार होतं तेही तिथेच नोंदलेलं असतं.